उजव्या सीटवरचे ९२ सेक्टर

माझ्या ट्रेनिंग फाइलमधल्या ४ जुलैच्या पानावर लिहिलंय, "फ्लेअर उशिरा होतोय. आधीपासून तयारीत राहावं." ६ जुलैच्या पानावर, दुसऱ्या कॅप्टनच्या अक्षरात, "फ्लेअर फार लवकर. घाई करू नये." दोन्ही पानांच्या तळाशी माझी सही आहे, म्हणजे दोन्ही शेरे मला मान्य होते. त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी ती दोन पानं शेजारी शेजारी ठेवून बसले होते. उद्या सकाळी ३० फुटांवर आपल्या हाताने नेमकं काय करायचं, हे मला खरंच कळत नव्हतं. धावपट्टीच्या अगदी जवळ आल्यावर नाक थोडं उचलून विमानाचा खाली येण्याचा वेग मोडायचा, त्याला फ्लेअर म्हणतात. सगळा खेळ चार-पाच सेकंदांचा.

ऑक्टोबरमध्ये माझं लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रवासी घेऊन उडताना उजव्या सीटवरच्या को-पायलटला मिळणारं प्रशिक्षण, संपलं. टाइप रेटिंगच्या, म्हणजे एका ठराविक प्रकारचं विमान उडवण्याच्या, परीक्षेपासून मोजलं तर नऊ महिने गेले. सिम्युलेटरबद्दल आणि परीक्षांबद्दल वाचायला भरपूर मिळतं. पण मागे प्रवासी बसलेले असताना, दर दोन-तीन दिवसांनी नव्या कॅप्टनशेजारी बसून शिकणं कसं असतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. जे आज त्या रांगेत आहेत त्यांच्यासाठी लिहितेय. आमचं विमान एअरबस ए-३२०, त्यामुळे तपशील त्याचेच येतील.

सुरुवात कागदांपासून करते, कारण पहिले पाच महिने तेच होतं.

१८ जानेवारीला सिम्युलेटरमध्ये टाइप रेटिंगची परीक्षा झाली. २ फेब्रुवारीला रिकाम्या खऱ्या विमानात बेस ट्रेनिंग झालं, सहा वेळा उतरून पुन्हा उड्डाण. त्या दिवशी वाटलं, आता दोन आठवड्यांत लाइनवर जाऊ. लायसन्सवर नव्या विमानाची नोंद व्हायलाच पाच आठवडे लागले. अर्ज एकदा परत आला, कारण एका पानावर प्रशिक्षकाच्या लायसन्स क्रमांकातला शेवटचा आकडा लिहायचा राहिला होता. तो प्रशिक्षक तेव्हा सुट्टीवर. त्याची नवी सही मिळेपर्यंत बारा दिवस गेले. तेव्हा सिमच्या शेवटच्या दिवशी, प्रशिक्षक समोर असतानाच, प्रत्येक पान उलटून बघा. तारीख, सही, क्रमांक, तुमच्या नावाचं स्पेलिंग. दहा मिनिटं लागतात, संकोच वाटतो, पण बघाच.

१० मार्चला नोंद झाली आणि मग खरी वाट बघणं सुरू झालं. ट्रेनिंग कॅप्टन कमी, आमची तुकडी मोठी. दर सोमवारी ट्रेनिंग विभागाला फोन करायचा आणि दर सोमवारी "पुढच्या रोस्टरमध्ये", म्हणजे ड्युट्यांच्या वेळापत्रकात, "बघू" हे ऐकायचं. कर्जाचे हप्ते सुरू झाले होते. उड्डाणाच्या तासांवर मिळणारा पगार अर्थातच सुरू झाला नव्हता. घरखर्चाचा हिशोब मांडताना मी मधले दोन महिने धरले होते, प्रत्यक्षात सहा धरायला हवे होते. मेच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट घडली. ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग झालेली असावी लागतात, ती मुदत माझ्या हातून निघून गेली. ती भरून काढायला २८ मेला पुन्हा एक सिम सेशन करावं लागलं. चूक माझी नव्हती. तरीही त्या दिवशी सिमच्या इमारतीत शिरताना नापास होऊन परत आल्यासारखं वाटलं. तसं वाटून घेण्याचं कारण नाही, हे मला आता कळतं. माझ्या तुकडीतल्या जवळजवळ सगळ्यांना तेच करावं लागलं.

या रिकाम्या महिन्यांत मी एक काम केलं, त्याचा मोठा उपयोग झाला. कॉकपिटच्या पॅनलचं पूर्ण आकाराचं चित्र भिंतीवर लावलं आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून रोज एक अख्खा सेक्टर, म्हणजे एका विमानतळावरून उडून दुसऱ्यावर उतरेपर्यंतचा टप्पा, मोठ्याने बोलत पूर्ण करायचे. कुठलं बटण, कुठला कॉल, कुणी म्हणायचा. हाताला जागा पाठ झाल्या.

११ जून, पहिला सेक्टर. माझे सगळे मिळून २३८ तास, शेजारच्या कॅप्टनचे १३,००० हून जास्त. मागे जंप सीटवर, म्हणजे कॉकपिटमधल्या जादा सीटवर, सेफ्टी पायलट, म्हणजे आधीच पक्का झालेला एक फर्स्ट ऑफिसर (को-पायलट). मला काही सुचेनासं झालं किंवा कॅप्टनना काही झालं, तर सूत्रं हातात घ्यायला तो असतो. बसल्यावर कॅप्टननी पहिली गोष्ट विचारली ती सीटबद्दल. ए-३२० मध्ये समोरच्या मधल्या खांबावर लाल-पांढरे छोटे गोळे असतात. लाल गोळ्याआड पांढरा गोळा झाकला जाईल इतकी सीट वर-खाली, पुढे-मागे करायची, म्हणजे डोळा जिथे असायला हवा तिथे येतो. मग आर्मरेस्ट. त्याच्या बाजूला उंचीचे आणि कलाचे खुणेचे आकडे असतात. कॅप्टन म्हणाले, "तुझा आकडा शोध आणि लिहून ठेव. दर वेळी तोच लाव. सीट बदलली की धावपट्टीही वेगळी दिसते." माझ्या वहीत लिहिलेली ही पहिली ओळ.

पहिल्या दहा दिवसांचं फारसं आठवत नाही. रेडिओवरचं निम्मं बोलणं निसटायचं. माझ्यासाठीचा निरोप आहे हे सेफ्टी पायलटने मागून खांद्याला हात लावल्यावर कळायचं. १६ सेक्टर झाल्यावर सेफ्टी पायलट उतरला आणि आम्ही दोघेच राहिलो. आणि मग रोस्टर फिरू लागलं.

मला सांगितलं होतं की दोन-तीन ट्रेनिंग कॅप्टनच तुला पूर्ण ट्रेनिंग देतील. झाले नऊ. कुणाची रजा, कुणाचा आजार, कुणाला ऐन वेळी दुसऱ्या विमानावर पाठवलं. आणि नऊ जण म्हणजे नऊ पद्धती.

सर्वांत आधी फरक दिसला तो खाली येण्यात. एक कॅप्टन बरीच वर्षं टर्बोप्रॉपवर, म्हणजे पंख्याच्या विमानांवर, उडालेले. ते संगणकाने काढलेल्या उतरणीकडे बघायचे, पण विश्वास ठेवायचे स्वतःच्या डोक्यातल्या गणितावर. हजार फुटांत उंची धरायची, तिला तीनने गुणायचं, तितके मैल लागणार, वर वेग कमी करायला आणखी दहा. ३०,००० फुटांवर असाल तर ९० अधिक १०. दर पाच हजार फुटांना ते मला विचारायचे, "आता किती? किती असायला हवं?" दुसरे कॅप्टन हवाई दलातून आलेले. ते म्हणायचे, "विमानाला काम करू दे, तू वारा आणि गर्दी बघ." नॉब आत ढकलायचा आणि उतरणीचं काम मॅनेज्ड मोडवर, म्हणजे विमानाच्या संगणकावर, सोपवायचं. तिसरे रात्रीच्या मालवाहतुकीत वाढलेले. ते नॉब बाहेर ओढून खाली येण्याचा दर स्वतः ठरवायचे आणि सारखे बारीक बारीक बदलत राहायचे. मला पहिल्या आठवड्यात वाटलं, यातलं एकच बरोबर असणार. पण तिघांचंही विमान १००० फुटांवर ठरलेल्या वेगात, चाकं खाली, फ्लॅप्स (उतरताना पंखांतून बाहेर येणारे भाग) पूर्ण, शांत आणि स्थिर असायचं.

ऑटोथ्रस्टचंही, म्हणजे इंजिनाची शक्ती आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेचंही, तसंच. या विमानात ऑटोथ्रस्ट चालू असताना इंजिनाचे लीव्हर हलत नाहीत. शक्ती कमी-जास्त होते, पण हाताला काही कळत नाही. जे कॅप्टन लीव्हर हलणाऱ्या विमानांवरून आले होते त्यांना ही उणीव सतत जाणवायची. ते मला वेग दाखवणाऱ्या पट्टीवरच्या बाणाकडे आणि इंजिनाच्या आकड्यांकडे आलटून पालटून बघायला लावायचे. एकाच प्रकारच्या विमानावर घडलेल्या कॅप्टनना मुळात हा प्रश्नच पडायचा नाही. हे ऐकताना मला हळूहळू उमगलं, की प्रत्येकाची पद्धत म्हणजे त्याला पूर्वी कधीतरी बसलेल्या धक्क्याचं उत्तर असतं. धक्का काय होता ते विचारलं की पद्धत समजते.

पण हे उमगायच्या आधी जुलै आला.

४ आणि ६ तारखेच्या शेऱ्यांनंतर माझं लँडिंग बिघडलं. ७ तारखेला आपटलं, ८ तारखेला तरंगत लांब गेलं. ९ तारखेला एक चांगलं झालं, ते कसं हे मला माहीत नाही. तेव्हा मी वहीची रचना बदलली. पानाच्या मध्ये रेघ ओढली. डावीकडे 'पुस्तक', म्हणजे कंपनीच्या कार्यपद्धतीत छापलेलं, ज्यात कुणालाही सूट नाही. उजवीकडे 'पद्धत', म्हणजे कॅप्टनची स्वतःची. आणि प्रत्येक सूचनेनंतर विचारू लागले, "कॅप्टन, हे पुस्तकातलं की तुमचं स्वतःचं?" बहुतेकांना प्रश्न आवडला. एकांना आवडला नाही. ते म्हणाले, "मी सांगतोय एवढं पुरेसं नाही का?" त्यानंतर मी प्रश्नाचे शब्द बदलले, "हे मला कुठे वाचायला मिळेल?" यावर कुणी रागावलं नाही. पुस्तकातलं असेल तर प्रकरण सांगायचे, नसेल तर स्वतःच म्हणायचे, "अगं, ही माझी सवय आहे." नव्यांनी हाच प्रश्न वापरावा.

१२ जुलैला झालेली गोष्ट जरा सविस्तर सांगते.

दुपार, झोताझोताने येणारा वारा, विमान माझ्या हातात. ४० फुटांवर मी साइडस्टिक, म्हणजे विमान हाताळायची बाजूची छोटी दांडी, हळूच मागे घेऊ लागले. नाक माझ्या हाताच्या मानाने जास्तच वर आलं. त्याच क्षणी स्पीकरमधून आवाज आला, "ड्युअल इनपुट", आणि समोर हिरवे दिवे लुकलुकले. मी आणखी मागे ओढायची थांबले, विमान तरंगलं आणि पट्टीवर बरंच पुढे जाऊन टेकलं. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून गेटकडे जाताना, दोघंही गप्प. गेटवर इंजिनं बंद झाल्यावर कॅप्टन म्हणाले, "ती माझी चूक होती. सवय जात नाही."

त्यांनी पूर्वीची बरीच वर्षं जोडलेल्या कंट्रोलच्या विमानांवर काढली होती. तिथे दोन्ही बाजूंचे कंट्रोल एकमेकांशी बांधलेले. शिकणाऱ्याने चूक केली तर शिकवणारा दोन बोटांनी हलकीशी मदत करतो आणि शिकणाऱ्याच्या हातालाही ती कळते. ए-३२० च्या दोन साइडस्टिक अशा जोडलेल्या नाहीत. दोघांनी एकाच वेळी हलवल्या तर विमान दोन्हींची बेरीज करतं. त्यांनी थोडं ओढलं, मी थोडं ओढलं, विमानाने दोन्ही ऐकलं आणि आम्हाला एकमेकांचा हात जाणवलाही नाही. इथे शिक्षकाला मदत करायची असेल तर एकच रीत आहे. "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं, स्टिकवरचं लाल बटण दाबायचं आणि पूर्ण ताबा घ्यायचा. हे पुस्तकातलं आहे, यात पद्धत नाही. १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये पडलेल्या एअर फ्रान्सच्या ए-३३० मध्ये २२८ माणसं गेली. त्या अपघाताच्या अहवालात शेवटच्या मिनिटांत दोघांनी एकाच वेळी स्टिक हलवल्याच्या नोंदी आहेत. मी तो अहवाल शिकताना वाचला होता. १२ जुलैनंतर पुन्हा वाचला, तेव्हा तो वेगळा वाटला.

त्या कॅप्टनबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला. एवढा अनुभव असलेल्या माणसाने २५० तासांच्या माणसासमोर स्वतःची चूक कबूल केली आणि कंपनीला रिपोर्टही स्वतःच दिला. मला तो वाचायला लावला, माझी बाजू वेगळी लिहायला सांगितली.

फ्लेअरचा गुंता सुटला तो १९ जुलैला, चौथ्या कॅप्टनजवळ. मी त्यांना दोन्ही शेरे दाखवले. त्यांनी आधी विचारलं, "कुठल्या पट्ट्या?" मी सांगितल्या. ते काही क्षण बघत राहिले आणि म्हणाले, "दोघंही बरोबर आहेत. कारण लिहायचं राहिलं एवढंच."

४ तारखेची पट्टी चढणीची होती. अशा पट्टीवर येताना आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं डोळ्याला वाटतं आणि जमीन वर चढत येत असते, त्यामुळे फ्लेअर थोडा आधी लागतो. माझा झाला उशिरा. ६ तारखेची पट्टी ६० मीटर रुंद. मला सवय ४५ मीटरची. रुंद पट्टी जमीन जवळ आल्याचा भास करते, म्हणून मी आधीच ओढलं. मग त्यांनी कागदावर विमानाची बाजू काढून दाखवली. ५० फुटांवर हे विमान त्या क्षणाची नाकाची स्थिती लक्षात ठेवतं आणि ३० फुटांपासून स्वतःच नाक हळूहळू खाली सोडू लागतं, ८ सेकंदांत २ अंश खाली जाईल इतकं सावकाश. म्हणजे वैमानिकाला स्टिक मागे घ्यावीच लागावी, हात साध्या विमानासारखा चालावा, यासाठी ते तसं बनवलेलं आहे. "तू विमानाशी भांडतेयस असं तुला वाटतं ना? ते फक्त तुझा हात मागतंय. ३० ला सुरुवात कर, नजर पट्टीच्या लांबच्या टोकाला. '२०, रिटार्ड' (२० फूट, शक्ती कमी कर) हा विमानाचा आवाज आठवण आहे, आज्ञा नाही." त्या दिवशीची दोन्ही लँडिंग साधारणच झाली, पण ती का साधारण झाली ते मला सांगता आलं. वहीत तिसरा रकाना आला, 'प्रसंग'. पट्टीची रुंदी, चढ-उतार, वारा, वजन. आजही प्रत्येक नव्या विमानतळाच्या आधी तो भरते.

ऑगस्टमध्ये माझं मेडिकल, म्हणजे वैमानिकाला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, संपत होतं. माझ्या वयाला क्लास १ मेडिकल १२ महिन्यांचं असतं. मी वेळ घेतली ती अगदी शेवटच्या आठवड्यातली. कानांची तपासणी पुन्हा करायला सांगितली, कारण आदल्या दिवशी सर्दी होती. त्यात ११ दिवस जमिनीवर गेले. ट्रेनिंगच्या मधोमध ११ दिवस म्हणजे हात पुन्हा गार. लाइन ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधीच मेडिकल, इंग्रजी प्राविण्याची मुदत, पासपोर्ट, विमानतळाचा पास या सगळ्याच्या तारखा एका कागदावर मांडा. जे मध्ये येतंय ते पाच-सहा आठवडे आधी उरका.

याच महिन्यात मला बोलायला शिकावं लागलं.

वर्गात सगळ्यांना शिकवतात. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. समोरचं विमान पट्टीवरून बाहेर पडलं का, अशी शंका उड्डाण घेणाऱ्या, डच कंपनी केएलएमच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारली होती. कॅप्टन कंपनीचे नावाजलेले प्रशिक्षक. उड्डाण थांबलं नाही. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानातलं इंधन संपलं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतले होते आणि इंधनाबद्दल बाकीच्यांनी केलेल्या सूचना पुरेशा ठाम नव्हत्या. १० माणसं गेली. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि आज जे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे कॉकपिटमधल्या सगळ्यांनी मिळून बोलून काम करणं, आम्ही दरवर्षी शिकतो त्याची सुरुवात तिथून झाली. हे सगळं मला परीक्षेपुरतं तोंडपाठ होतं.

२१ ऑगस्टला विमान कॅप्टनच्या हातात होतं. नियंत्रकाने आम्हाला उशिरापर्यंत उंच आणि वेगात ठेवलं होतं. ढगात होतो. आमचा नियम असा, की ढगात १००० फुटांवर विमान स्थिर नसेल तर परत वर जायचं. १००० फुटांवर वेग २२ नॉट जास्त, फ्लॅप्स अजून बाहेर येत होते. मी म्हटलं, "१०००, अनस्टेबल." ते म्हणाले, "होतंय, होतंय." माझी जीभ टाळ्याला चिकटली. शेजारी बसलेला माणूस मी शाळेत असल्यापासून उडतोय, तो म्हणतोय होतंय, कदाचित खरंच होत असेल. साधारण दोन सेकंद मी गप्प होते. त्या दोन सेकंदांची मला आजही लाज वाटते. मग म्हटलं, "गो-अराउंड." त्यांनी लीव्हर पुढे ढकलले. विमान वर गेलं, चौदा मिनिटांनी आम्ही नीट उतरलो.

फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार उतरायला येताना विमान अस्थिर असलं, तर जेमतेम ३ टक्के वेळा वैमानिक परत वर जातात. आधी हा आकडा वाचताना मला आश्चर्य वाटलं होतं. आता वाटत नाही. त्या दोन सेकंदांत काय काय डोक्यात येतं ते मी बघितलंय. नव्यांना एवढंच सांगते, कॉलचे शब्द घरी मोठ्याने म्हणून तोंडात बसवा. त्या क्षणी वाक्य जुळवायला वेळ नसतो. तोंडात असलेला शब्दच बाहेर येतो.

त्या दिवशी आमच्याकडे १४ मिनिटांचं इंधन निश्चिंतपणे होतं, कारण सकाळी त्याच कॅप्टननी ५०० किलो जास्त घेतलं होतं आणि त्याचं कारण लेखी दिलं होतं. जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, जास्त खर्च, म्हणून प्रत्येक जादा किलोचं स्पष्टीकरण मागितलं जातं. संध्याकाळी ते म्हणाले, "गेल्या महिन्यात मला याच्यावरून दोन पत्रं आली." मग थोड्या वेळाने, "आणि आज तू बोललीस ते बरं केलंस." फाइलमध्ये त्यांनी तो प्रसंग जसाच्या तसा लिहिला, स्वतःचं "होतंय" धरून.

३५,००० फुटांवर, चेकलिस्ट संपल्यावर, कॅप्टन मंडळी बोलतात. मी नऊ जणांचं ऐकलं आणि त्रास जवळजवळ सारखेच निघाले. सलग पहाटेच्या ड्युट्या. रात्री २ ते पहाटे ६ या वेळात शरीर सगळ्यांत मंद असतं, नेमका त्याच वेळेचा रिपोर्टिंग टाइम. नियमात बसणारा पण माणसाला न बसणारा रोस्टर. ऐन वेळी बदललेली सुट्टी. उशीर झाला की सकाळी उशिराचं कारण वैमानिकाला विचारणारा फोन. ट्रेनिंग कॅप्टनवर आणखी एक ओझं, दिवसाला चार सेक्टर उडायचे आणि प्रत्येकानंतर शिकणाऱ्याचं पान भरायचं. "कारण लिहायचं राहिलं" ते का राहिलं, हे मला तेव्हा समजलं. चौथ्या सेक्टरनंतर, रात्री साडेअकराला, पार्किंगमध्ये उभं राहून लिहिलेले शेरे होते ते.

सगळेच अनुभव असे समजून घेण्याजोगे नव्हते. एक कॅप्टन ओरडायचे. चूक झाल्यावर नाही, चूक होण्याच्या आधीच. त्यांच्याबरोबर सहा सेक्टर केले. एरवी कधी न विसरणाऱ्या गोष्टी मी विसरू लागले. एकदा वर जाताना अल्टिमीटरचा, म्हणजे उंचीमापकाचा, दाब स्टँडर्डवर आणायचाच राहिला. त्यांनी माझ्या हातावर चापट मारून तो बदलला. त्या रात्री मी ट्रेनिंग विभागाला लिहिलं. आधी रागाने दोन पानं लिहिली, ती ठेवून दिली आणि सकाळी फक्त तारीख, सेक्टर, काय बोललं गेलं आणि काय केलं गेलं इतकंच आठ ओळींत पाठवलं. "मला कॅप्टन बदलून हवेत" ही शेवटची ओळ. नऊ दिवस उत्तर आलं नाही. मग एक छोटी बैठक झाली आणि कॅप्टन बदलले. पुढे कळलं की त्यांनी स्वतःच ट्रेनिंगच्या कामातून मोकळं करा असं बरेच महिने आधी सांगितलं होतं आणि त्यांना कुणी मोकळं केलं नव्हतं. त्याने हातावरची चापट योग्य ठरत नाही. पण थकलेल्या, नको म्हणणाऱ्या माणसाच्या शेजारी नव्या माणसाला बसवणं हा कुठल्याही एका कॅप्टनपेक्षा मोठा दोष आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अशी वेळ आली तर लिहा. तक्रार केली म्हणून माझ्या फाइलवर काही वाईट उमटलं नाही.

सप्टेंबरमध्ये गोष्टी जागेवर बसू लागल्या. खाली येताना मी मॅनेज्ड मोड वापरते आणि मनात तीनचा पाढा चालू ठेवते. हवाई दलातल्या कॅप्टनचं आणि टर्बोप्रॉपच्या कॅप्टनचं, दोघांचंही घेतलं. मालवाहतुकीच्या कॅप्टनचं बारीक बारीक बदलणं मला जमलं नाही, तो नाद सोडला. कॅप्टनशेजारी बसताना, ब्रीफिंगमध्येच, आज उतरताना मी कसं करणार आहे ते दोन वाक्यांत सांगू लागले. त्यामुळे एक फरक पडला. त्यांना वेगळं हवं असेल तर ते जमिनीवरच सांगायचे, ४० फुटांवर नाही.

१७ ऑक्टोबरला शेवटचा लाइन चेक, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणातली परीक्षा, झाला. दोन सेक्टर, एक माझ्या हातात, एक कॅप्टनच्या. तपासणारे कॅप्टन मी आधी कधी पाहिलेलेही नव्हते. वॉकअराउंडला, म्हणजे उडण्याआधी विमानाभोवती फिरून तपासताना, ते माझ्यामागे काही न बोलता फिरले. परतीच्या विमानतळाची पट्टी ६० मीटरची. ब्रीफिंगमध्ये मी म्हटलं, "पट्टी रुंद आहे, जमीन जवळ भासेल, मी ३० च्या आधी हात लावणार नाही." त्यांनी मान हलवली. टेकलं ते जरा घट्टच, पण जिथे टेकायचं तिथेच, मध्यरेषेच्या किंचित डावीकडे. चेकलिस्ट संपल्यावर त्यांनी आठ-दहा प्रश्न विचारले. इंजिन सुरू होताना तापमान वाढलं तर, प्रवासी आजारी पडला तर, कॅप्टनच बेशुद्ध झाले तर. एकाचं उत्तर मला पूर्ण आलं नाही. "ते आज रात्री वाच," म्हणाले आणि सही केली. ९२ सेक्टर, नऊ कॅप्टन, वहीची १४१ पानं.

फाइल बंद होऊन ट्रेनिंग विभागात गेली. रात्री आठ वाजता नवं रोस्टर आलं, त्यात पहिल्यांदाच माझ्या नावापुढे ट्रेनिंगची खूण नव्हती. दुसऱ्याच दिवशी पहाटे चारपासून स्टँडबाय, म्हणजे फोन आला की निघायच्या तयारीत. राहिलेलं उत्तर वाचलं, गणवेश खुर्चीवर लावला, आर्मरेस्टचा आकडा लिहिलेली वही बॅगेत वरच ठेवली आणि फोन उशाशी घेऊन झोपले. तो ५ वाजून १० मिनिटांनी वाजला.